चित्र पाठवणारे गाव

घरच्या संगणकावर इंटरनेटवरून टीव्ही बघण्याचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा शहराच्या बाजूने सांगितला जातो. आधी डायलअप मोडेम आला, मग ब्रॉडबँड, मग फायबर. आधी चित्र अडखळत होते, मग सुरळीत धावू लागले. या क्रमात खेडे सगळ्यांत शेवटी येते आणि त्याच्याबद्दल विचारायला एकच प्रश्न उरतो : तिथे हे सगळे कधी पोहोचले? अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठी असलेल्या पुणतांब्याकडे पाहिले की हा प्रश्न अपुरा वाटू लागतो. चांगदेवांची समाधी आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट यांसाठी ओळखले जाणारे हे गाव १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे राज्यभर घराघरांत दिसले. त्या आठवड्यात पुणतांबा बघणारे लोक जितके महत्त्वाचे होते, तितकेच महत्त्वाचे होते पुणतांब्यातून चित्र बाहेर पाठवणारे लोक. माझे म्हणणे असे आहे की इंटरनेटवरच्या टीव्हीने खेड्याला जास्तीचे चॅनेल दिले ही त्याची दुय्यम देणगी होय. खरी देणगी होती ती स्वतःचे चित्र स्वतः पाठवण्याची क्षमता. ही क्षमता यंत्राबरोबर आपोआप आली नाही, ती वापरावी लागली. आणि तिच्यावरचा हक्क अजूनही पक्का झालेला नाही.

हे म्हणणे तपासायचे तर आधी जुना हिशेब मांडायला हवा : शेतकऱ्याने काही केले, तर त्याची नोंद कोणी ठेवली? १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळण्यापासून दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले आणि पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत ते पसरले. त्या उठावाची सर्वांत सविस्तर माहिती आज आपल्याला मिळते ती सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात. शेतकऱ्यांच्या हालांची दखल घेतली गेली, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही झाला. पण शेतकऱ्याचे बोलणे ज्या कागदावर उतरले तो कागद सरकारचा होता. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. या संपाच्या काळातच, १९३७ मध्ये, ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. आपली बाजू आपणच छापली पाहिजे, हे त्या नेतृत्वाला कळले होते. पुढे चाकणच्या कांदा आंदोलनातून उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटनेनेही स्वतःची साप्ताहिके काढली. या तिन्ही टप्प्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चळवळ जितकी मोठी होते, तितकी तिला स्वतःच्या नोंदीची गरज भासते. छापील शब्दाच्या बाबतीत ही गरज थोड्या पैशांत आणि पुष्कळ जिद्दीने भागवता आली. चित्राच्या बाबतीत मात्र तशी सोय नव्हती.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या दशकात उपग्रह आणि लघुशक्ती प्रक्षेपक यांच्या आधारे टीव्ही लहान गावांपर्यंत गेला. घरावर अँटेना चढला, वाऱ्याने तो फिरला की कोणीतरी पत्र्यावर जाऊन तो सरळ करू लागले, आणि ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरात रविवारी सकाळी गल्ली जमू लागली. शेतकऱ्याला दूरदर्शनने वगळले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला, त्याने पिकांच्या नव्या जाती, खतांच्या मात्रा, जोडधंदे यांची माहिती घरात आणून दिली आणि शेतकरी स्वतःही त्यात दिसला. परंतु कोणत्या शेतकऱ्याकडे कॅमेरा न्यायचा, त्याला काय विचारायचे, त्यातले काय ठेवायचे आणि ते कोणत्या वेळी दाखवायचे, हे सारे केंद्रात ठरत होते. यावर कोणी म्हणेल की हा दोष यंत्राचा नाही, धोरणाचा आहे. त्यात तथ्य आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात १९७५ पासून पिज येथील लहान प्रक्षेपकावरून गावांमध्येच चित्रित केलेले, गावकऱ्यांच्या भाषेतले आणि त्यांच्या भांडणांवरचे कार्यक्रम दाखवले गेले, आणि १९८४ मध्ये त्या प्रयोगाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे टीव्हीला गावाचा आवाज होता आले असते. पण खेडा जिल्ह्यातला हा प्रयोग टिकला नाही, पुढे तो प्रक्षेपकच बंद झाला. कारण उघड आहे : प्रक्षेपक एका संस्थेचा असतो, आणि ती संस्था जोवर उदार आहे तोवरच गाव बोलू शकते. उदारपणावर उभी असलेली सोय हक्क ठरत नाही.

१९९५ हे वर्ष या संदर्भात दोन घटनांमुळे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात निकाल दिला की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पहिल्या घटनेने खासगी वाहिन्यांचा मार्ग मोकळा केला. पण वाहिनी काढायला लागणारे भांडवल गावाकडे नव्हते, त्यामुळे गावापुरता मालक बदलला इतकेच. दुसरी घटना त्या वेळी टीव्हीशी संबंधित वाटलीही नसेल. टेलिफोनच्या तारेवरून चालणारा सर्वांत वेगवान मोडेम पुढे सेकंदाला ५६ किलोबिट इतक्या वेगापर्यंत गेला, तर साध्या व्हीसीडीवरच्या चित्रालाही सेकंदाला हजाराहून अधिक किलोबिट लागत. इतक्या अरुंद वाटेने चित्र यायचे तर ते छाटून, दाबून, टपाल तिकिटाएवढे करूनच आणावे लागे. १९९७ मध्ये आलेल्या रिअलव्हिडिओने नेमके हेच केले. चित्र थांबत होते, चेहरे चौकोनांत फुटत होते. तरीही या अडखळत्या चित्रात एक गोष्ट अशी होती जी अँटेनावरच्या स्वच्छ चित्रात नव्हती. टेलिफोनची तार मुळातच दोन्ही बाजूंनी बोलण्यासाठी टाकलेली होती. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि १९९३ मध्ये ते चित्र जगाला बघता येऊ लागले. त्यासाठी त्यांना ना प्रक्षेपक लागला, ना परवाना. घरातल्या टीव्ही संचाला हे कधीच करता आले नसते. संगणकाला ते पहिल्या दिवसापासून शक्य होते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणक आले ते मात्र टीव्ही म्हणून नव्हे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस, दूध, बाजारभाव यांचे व्यवहार गावातच कळावेत हा त्याचा हेतू होता, आणि सहकारी साखर कारखान्याभोवती तो उभा होता. पुणतांब्याचा परिसरही अशाच सहकाराचा; विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरानगरचा कारखाना याच राहाता तालुक्यातला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) स्थापना झाली, आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग उघडले. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून हजारो मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा हातात धरला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा आणली, सेकंदाला २५६ किलोबिटची. या वेगाने अखंड काही पाहिले तर एक जीबी डेटा पावणेनऊ तासांच्या आत संपतो, आणि डेटावर मर्यादा होती. म्हणून रात्री दोन ते सकाळी आठ या मोफत वेळेत व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि दिवसा बघायचे अशी रीत पडली. त्यातही तांत्रिक मेख अशी की ही सेवा एडीएसएल पद्धतीची होती, म्हणजे घरात येणारी वाट रुंद आणि घरातून जाणारी अरुंद. घर घेईल जास्त आणि देईल कमी, हे गृहीत धरूनच ती तार वापरात आणली होती. मग खेड्यात त्या काळात रोज बारा-बारा तासांचे भारनियमन असे. मोडेमचा दिवाच विझलेला असला तर वेगाची चर्चा कशाला? २०११ च्या जनगणनेत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ३३.४ टक्क्यांकडे टीव्ही होता, आणि इंटरनेट असलेला संगणक होता केवळ ०.७ टक्क्याकडे. हा आकडा समोर ठेवला की मान्य करावेच लागते : घरच्या संगणकावर टीव्ही बघण्याचा टप्पा ग्रामीण भारताने जवळजवळ ओलांडूनच टाकला.

तो टप्पा मराठी माणसांपैकी जे खऱ्या अर्थाने जगले, त्यांत परदेशी गेलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. भारतात रात्री आठला लागणारी मालिका न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला लागते, माणूस कामावर असताना. संगणकावर ती आपल्या सवडीने, मुलांना झोपवून झाल्यावर पाहता आली, आणि वाहिनीच्या घड्याळापासून बघणाऱ्याची सुटका झाली. ही सुटका लहान नव्हती. तिच्यामुळे परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर मराठी पडत राहिली. पण नीट पाहिले तर ही मोकळीक पूर्णपणे बघणाऱ्याची आहे. काय बनवायचे, कोणाचे बनवायचे, हे पूर्वीसारखेच इतरत्र ठरत राहिले. म्हणून इंटरनेटवरच्या टीव्हीचा इतिहास केवळ वेळेच्या स्वातंत्र्याचा म्हणून लिहिला, तर तो परदेशातल्या दिवाणखान्याला लागू पडेल, गोदाकाठच्या गावाला अर्धाच लागू पडेल.

पुणतांब्याच्या शेजारीच याचे आणखी एक उदाहरण आहे. पुणतांबा स्थानक दौंड–मनमाड या १८७८ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गावर आहे, आणि तिथून शिर्डीला फाटा गेला २००९ मध्ये. ज्या काळात भाविकांसाठी हे रूळ टाकले जात होते, त्याच काळात शिर्डीच्या समाधी मंदिरातले दर्शन डिश टीव्हीवर आणि संगणकाच्या पडद्यावर थेट दिसू लागले होते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मंदिर बंद झाले आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळी पाडव्याला उघडले. मधल्या आठ महिन्यांत घरी बसलेल्या भाविकाला आरती दिसली ती याच मार्गाने. हे चित्र परिसरातूनच बाहेर जाते, जगभर बघितले जाते, आणि तरीही माझ्या मांडणीत ते वेगळ्या रकान्यात बसते. त्याचा कॅमेरा एका संस्थेचा, त्याची चौकट ठरलेली, आणि त्यात दिसणारी गोष्ट दररोज तीच राहावी हेच त्याचे प्रयोजन. भक्तीसाठी ते योग्यही आहे. पण त्यावरून एक धडा मिळतो : इंटरनेटवरून चित्र जाऊ लागले म्हणजे गाव बोलू लागले, असे होत नाही. दोन्ही बाजूंची तार एकाच बाजूने वापरता येते, आणि बहुतेक वेळा तशीच वापरली जाते. गाव बोलते ते त्याला सांगण्यासारखे काही असते तेव्हा, आणि साधन त्याच्या स्वतःच्या हातात असते तेव्हा.

२०१७ च्या उन्हाळ्यात या दोन्ही अटी एकत्र आल्या. साधनाची बाजू अशी : ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत तिचा डेटा फुकट होता. त्याच २०१६ मध्ये फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय सर्वांना खुली केली. फोरजीमध्येही जाणारी वाट येणाऱ्या वाटेपेक्षा अरुंदच असते, पण आता ती चित्र वाहून नेण्याइतकी रुंद झाली होती. सांगण्याची बाजू त्याहून जुनी होती. पडलेले भाव, थकलेली कर्जे आणि न मिळणारा हमीभाव. एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत संपावर जाण्याचा ठराव झाला : कर्जमाफी, स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशींनुसार भाव, दुधाला लिटरमागे ५० रुपये अशा मागण्या, आणि त्या मान्य न झाल्यास १ जूनपासून दूध, भाजीपाला शहरात पाठवायचा नाही. ग्रामसभेचा ठराव हा एरवी इतिवृत्ताच्या वहीत राहणारा दस्तऐवज. हा ठराव गावोगाव फिरला आणि इतर ग्रामसभांनीही तसेच ठराव केले. १ जूनला संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे, अडवलेल्या टेम्पोंचे आणि ओस पडलेल्या बाजार समित्यांचे व्हिडिओ फोनवरून फोनवर जात राहिले. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली. दिवस उजाडला तोवर ती घोषणा आम्हाला मान्य नाही, असे सांगणारे शेतकरीही तितक्याच वेगाने पडद्यावर आले होते. ५ जूनला राज्यात बंद पाळला गेला, ११ जूनला सरकारने तत्त्वतः कर्जमाफी मान्य केली, आणि २४ जूनला सुमारे ३४,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

याला पहिला आक्षेप असा येईल की पुणतांबा घराघरांत नेले ते उपग्रह वाहिन्यांनी. २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या बातम्यांच्या वाहिन्या होत्या, त्यांच्या ओबी व्हॅन गावात उभ्या होत्या, आणि संगणकावर किंवा फोनवर ज्यांनी संप पाहिला त्यांनीही बहुधा याच वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण पाहिले. यातला वस्तुस्थितीचा भाग खरा आहे, आणि वार्ताहरांनी उन्हात केलेले काम कमी लेखण्याचे कारण नाही. पण ओबी व्हॅन जिथे बातमी आहे असे वाहिनीला वाटते तिथे जाते, आणि एका वेळी एकाच गावात उभी राहते. ३ जूनच्या सकाळचा प्रसंग यासाठी महत्त्वाचा आहे. व्हॅन मुंबईत घोषणेच्या दाराशी होत्या. नकार मात्र गावागावांतून येत होता. शंभर ठिकाणचा नकार एकाच सकाळी दिसण्यासाठी शंभर ठिकाणी कॅमेरे असावे लागतात, आणि ते शेतकऱ्यांच्या खिशात होते. वाहिन्यांनी पुढे तेच चित्र उचलून दाखवले, हे तर माझ्या म्हणण्याला बळच देते : केंद्राने गावाकडून चित्र घेण्याची वेळ आली. मध्य प्रदेशातही १ जूनपासूनच आंदोलन सुरू होते. ६ जूनला मंदसौरमध्ये पोलीस गोळीबारात शेतकरी मारले गेले, आणि त्या भागातली मोबाइल इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. प्रशासनाला त्या दिवसांत कोणत्या वाटेची धास्ती वाटली, हे यावरून समजते.

दुसरा आक्षेप माझ्याच आकड्यांतून निघतो. ग्रामीण घरांत संगणक नव्हता म्हणता, मग हा सगळा इतिहास मोबाइलचा झाला. घरच्या संगणकाचा त्यात संबंध काय? संबंध वंशाचा आहे. टीव्ही संच आणि संगणक यांचे पडदे वरवर सारखे दिसले तरी त्यांचा स्वभाव वेगळा. संच येणारा संकेत दाखवतो आणि थांबतो. संगणक मागणी नोंदवतो, उत्तर देतो, साठवतो, पुढे पाठवतो. फोनवरचे चित्र टीव्हीसारखे दिसले, तरी फोनने स्वभाव घेतला तो संगणकाचा. मोडेमच्या दिवसांत आकाराला आलेल्या गोष्टी, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या रीती, तुकड्यातुकड्यांनी ते पाठवून दुसऱ्या टोकाला जुळवण्याची पद्धत, वेग कमी-जास्त झाला तरी चित्र चालू ठेवण्याची युक्ती, या सगळ्या फोनमध्ये तयार स्वरूपात आल्या. एमएस-सीआयटीच्या वर्गात फाइल जोडायला, पाठवायला शिकलेली पिढी २०१७ मध्ये तिशीच्या आसपास होती, आणि शेतीच्या संकटात तीच घरातली कर्ती झालेली होती. म्हणून घरचा संगणक खेड्यात फारसा आला नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्याने जी शक्यता उघडली तिचा सर्वांत ठळक वापर खेड्याने केला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. सरकार नमले ते दूध आणि भाजी अडल्यामुळे, चित्रामुळे नाही. आणि चित्राने तर शेतकऱ्याचे नुकसानच केले, कारण रस्त्यावर वाहणारे दूध पाहून शहरातला सहानुभूती असलेला माणूसही चिडला. पहिल्या भागाशी माझे भांडण नाही. संपाचे बळ पुरवठ्यात होते. चित्राने संप जिंकला असे मी म्हणत नाही. पण एका गावाचा ठराव काही आठवड्यांत राज्याचा संप होतो, याचे स्पष्टीकरण दुधाच्या टंचाईने होत नाही, कारण टंचाई संपानंतर येते, आधी नाही. आधी लागतो तो विश्वास, की आपण एकटे नाही, शेजारचा तालुकाही उतरणार आहे. तो विश्वास एकमेकांना पाहून आला. दुसऱ्या भागाचे उत्तर वेगळे आहे. दुधाच्या चित्राने राग आला हे खरे. पण चिडलेल्या माणसाला उत्तर देणेही त्याच वाटेने शक्य झाले. लिटरमागे हातात काय पडते, चाऱ्याला काय लागते, हा हिशेब शेतकरी स्वतः कॅमेऱ्यासमोर मांडू लागला. १८७५ मध्ये जाळलेल्या कर्जखतांविषयी शेतकऱ्याला जे म्हणायचे होते ते आयोगाच्या प्रश्नांच्या चौकटीत म्हणावे लागले. स्वतःचे चित्र स्वतः पाठवण्याच्या हक्कात चुकीचे चित्र पाठवण्याची जोखीमही आली. ती नको म्हणून हक्कच नको, हा युक्तिवाद वर्तमानपत्रांच्या बाबतीत आपण शतकापूर्वीच नाकारला आहे.

मात्र हा हक्क पक्का झाला असे समजणे घाईचे ठरेल. ‘कृषीवल’ काढणाऱ्यांकडे स्वतःचा कागद होता, त्याचे अंक जपता आले. पुणतांब्याच्या संपाची चित्रे मात्र ज्या कंपन्यांच्या जागेवर आहेत त्यांचे नियम गावाने केलेले नाहीत. खाते बंद झाले, फोन बदलला, दुवा तुटला की चित्र गेले. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या यूट्यूब वाहिनीबरोबर ‘ट्रॉली टाइम्स’ हे छापील पत्रही काढले, ते पाहिले की चळवळी ही अडचण ओळखतात हे दिसते. दुसरी त्रुटी बंद दारांआड चालणाऱ्या कामकाजाची. २७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे कामकाज पहिल्यांदा सर्वांसाठी थेट दाखवले गेले, आणि त्या दिवशी शिवसेनेतील फुटीचा खटला चालू असल्याने महाराष्ट्रातल्या असंख्य लोकांनी संगणकावर, फोनवर घटनेची चर्चा अडीच-तीन मिनिटांच्या बातमीतून नव्हे, तर अखंड ऐकली. देशाचे सर्वोच्च न्यायालय हे करू शकते, तर ज्या ग्रामसभेत २०१७ चा ठराव झाला, तशा ग्रामसभांचे कामकाज नोंदवून जपणे अवघड का असावे? देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. ती तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते तेव्हा दाखले आणि उतारे उतरवून घेण्यापलीकडे तिचा उपयोग काय, हा प्रश्न प्रत्येक गावाने विचारायला हवा.

माझ्या मते उत्तर स्पष्ट आहे. ग्रामसभेचे चित्रण व्हावे, ते गावाच्या मालकीच्या जागी साठवले जावे, जिल्हा ग्रंथालयात त्याची प्रत असावी आणि कोणालाही घरच्या पडद्यावर ते बघता यावे. यात खर्च थोडा आहे, अडचण इच्छेची आहे. कारण नोंद झाली की शब्द फिरवता येत नाही, आणि हे पंचायतीतल्या माणसालाही तितकेच लागू होते जितके मंत्रालयातल्या माणसाला. प्रक्षेपकाच्या काळात गावाला चित्र पाठवता आले नाही, त्याला नाइलाज म्हणता येईल. आता साधन हातात असताना गावांनी आपली नोंद पुन्हा इतरांवर सोपवली, तर तो नाइलाज राहणार नाही. पुणतांब्याने एकदा दाखवून दिले की गोदाकाठच्या एका ग्रामसभेचा शब्द राज्याला ऐकावा लागतो. तो शब्द पुढच्या पिढीला जसाच्या तसा मिळावा, यासाठी संपाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या ग्रामसभेत त्याचा ठराव करता येतो.